कोंपाद्रेला तू म्हणत नाहीत

रविवारी दुपारी राजवाड्याच्या मागच्या अंगणातून "वारो! ए वारो!" अशी हाक आली, की कर्नल लिबोरियो बाएसाचे लिहिणे थांबत असे. हाक मारणारा चोन सेपेदा असे. घायपाताच्या पानांत गुंडाळून खड्ड्यात निखाऱ्यांवर शिजवलेले मेंढ्याचे मटण टोपलीत घालून तो ताब्लास गावाहून गाडीने येई. पहारेकरी त्याला अडवत नसत. पूर्वी एकाने अडवले होते. तो आता उत्तरेच्या सीमेवर वाळू राखतो, असे बाकीचे सांगत.

वारो म्हणजे एवारिस्तो ऑर्डोरिका, देशाचे राष्ट्राध्यक्ष. मंत्री त्यांना 'महोदय' म्हणत, जुने सैनिक 'जनरलसाहेब' म्हणत. त्यांची आई वारली होती, बायको वारली होती, दोघे भाऊ क्रांतीच्या लढायांत पडले होते. त्यांना तू म्हणणारा देशात एकच माणूस उरला होता आणि तो टोपली घेऊन येत असे.

लिबोरियोला ते सहन होत नव्हते.

क्रांतीच्या पहिल्या हिवाळ्यात तो सरकारी तारघर सोडून जनरलसाहेबांकडे आला, तेव्हा त्यांच्यामागे खेचरवाल्यांची एक टोळी होती आणि वाचता येणारा एकही माणूस नव्हता. जनरल स्वतः खेचरवाले. चोनबरोबर डोंगरातून मीठ आणि मका वाहून त्यांचे तारुण्य गेले होते. पुढे म्हाताऱ्या हुकूमशहाच्या शिपायांनी त्यांची खेचरे जप्त केली, एवारिस्तो ऑर्डोरिकाने एका सार्जंटला चाबकाने झोडपले, आणि तिथून सगळे सुरू झाले. त्या टोळीची पलटण झाली, पलटणीची फौज झाली. फौजेचे प्रत्येक फर्मान, प्रत्येक जाहीरनामा, राजधानीत शिरल्या दिवशी राजवाड्याच्या सज्जातून केलेले भाषण, सगळे लिबोरियोने लिहिले. 'एकदा खुर्ची, मग घर' हे भिंतीभिंतींवर रंगवलेले वाक्यही त्याचेच. पुन्हा निवडणूक लढवायची नाही, ही क्रांतीची शपथ त्याने पाच शब्दांतही नाही, चार शब्दांत बसवली होती. लोक ते वाक्य जनरलांचे समजत. त्याचे त्याला दुःख नव्हते. जनरलांच्या तोंडी आपले शब्द असावेत, हेच त्याला हवे होते. मात्र जनरलांना हसवावे, चिडवावे, त्यांच्या ताटातला तुकडा उचलून खावा, हे शब्दांनी साधत नव्हते. ते चोनला साधत होते.

त्या रविवारीही जेवण मागच्या ओसरीत मांडले होते. मटण, मक्याच्या गरम भाकऱ्या, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि चोनने बुधल्यातून आणलेली पुल्के ही घायपाताची पांढरी, आंबूस दारू. लिबोरियो कागद घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. शाळांसाठी जनरलांचे चरित्र छापायचे होते आणि ते तोच लिहीत होता.

"वाच रे लिबोरियो," जनरल म्हणाले. "चोनलाही ऐकू दे."

लिबोरियोने घसा साफ केला. "तेकोलोते नदीला पूर आला होता. पैलतीरावर शत्रूच्या तोफा धडाडत होत्या. जनरल ऑर्डोरिका यांनी आपला शुभ्र घोडा पाण्यात घातला..."

"कुठला घोडा?" चोनने घास हातातच थांबवला.

"शुभ्र."

"शुभ्र घोडा आदल्या दिवशी आपण खाल्ला की! वारो, सांग ह्याला. तू त्या लंगड्या खेचराच्या शेपटीला लोंबकळत होतास. आणि बूट गळ्यात बांधले होतेस, भिजतील म्हणून."

"नवे होते," जनरल म्हणाले.

"नवे कुठले? मेलेल्या कॅप्टनच्या पायातले काढले होतेस. आणि तेही दोन्ही डाव्या पायाचे!"

"एकच डाव्या पायाचा होता. दुसरा लहान होता."

"आणि मध्यधारेत आईला हाका मारत होतास. शुभ्र घोडा म्हणे!"

जनरल इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. मंत्रिमंडळाच्या बैठकीत ओठ न हलवणारा हा माणूस असा हसतो, हे पाहायला मिळणे हा बहुमान आहे असे कोणालाही वाटले असते. लिबोरियोला मात्र प्रत्येक हसू आपल्या खिशातून काढून नेल्यासारखे वाटे. त्याच लढाईत अलीकडच्या तीरावर तो तारयंत्रापाशी बसून राहिला होता. गोळीने त्याचा अर्धा कान नेला, तरी त्याने निरोप पुरा पाठवला होता. त्या निरोपामुळे कुमक आली. चरित्रात त्याने स्वतःविषयी एवढेच लिहिले होते: 'तारयंत्रावरील एक तरुण जागचा हलला नाही.'

तेही त्याने वाचले.

"हा तरुण कोण रे?" चोनने विचारले.

लिबोरियोचा हात कानाकडे गेला. मग चोनने कपाळावर हात मारला. "अरे हो, कान! माफ कर हं, अर्धकान्या. पण खरं सांगू, तुझा तो कान मी शोधला होता दुसऱ्या दिवशी. कुत्र्याने नेला असणार."

जनरल पुन्हा हसले. मग हात वर करून म्हणाले, "पुरे, चोन. लिबोरियो नसता तर आपण सगळे त्या नदीत राहिलो असतो." वाक्य चांगले होते. पण ते हसण्याच्या शेवटी आले होते.

चोनने बुधला उचलला. "बरं, बातमी ऐक. दोमितिला बाळंत झाली. मुलगी."

"कोणाची?"

"कोणाची म्हणजे? माझी!"

"म्हाताऱ्या बोकडा!" जनरल उठून त्याच्या पाठीत गुद्दा घालत म्हणाले. "दाढी पिकली तुझी!"

"दाढी पिकली. बाकीचं अजून पिकायचंय."

"नाव काय?"

"एदुविहेस. तिच्या आईच्या आईचं. धर्मपिता म्हणून पाववाल्या फौस्तिनोला विचारणार आहे. चांगला माणूस आहे, आणि सणाला पाव पाठवील." तो थोडा थांबला. "तुला नाही विचारलं. का ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," जनरल म्हणाले. "मीही तेच केलं असतं."

लिबोरियो राजधानीचा. तरी त्यालाही ते ठाऊक होते, कारण ताब्लासच्या माणसांत त्याचे अर्धे आयुष्य गेले होते. मुलाचा बाप आणि बाप्तिस्म्याला मुलाला हातांवर धरणारा धर्मपिता त्यानंतर एकमेकांचे कोंपाद्रे होतात, आणि मुलाची आई कोमाद्रे. त्या डोंगरात हे नाते भावापेक्षा मोठे. कोंपाद्रेशी भांडायचे नाही, त्याची थट्टा करायची नाही, आणि त्याला तू म्हणायचे नाही. लहानपणापासूनचा तू देवळाच्या दारात ठेवायचा आणि आत जायचे. कोणी मोडले तर त्याची फळे मोठ्यांना मिळत नाहीत, मुलाला मिळतात. म्हणून ताब्लासची माणसे जिवलग मित्राला धर्मपिता करत नाहीत. ते मानाच्या माणसाला विचारतात, आणि मित्र राखून ठेवतात.

जाता जाता चोनने ताटातला शेवटचा तुकडा उचलला. "आणि ऐक, वारो. ते खासदार तुला चाटतायत, ते मला कळतं. मुदत संपली की घरी चल. दोन खेचरं घेऊ. तू मीठ वाहा, मी पुल्के पितो."

"बघू."

"बघू नाही. येतोस."

लिबोरियोने कागद गोळा केले. त्याला तेव्हाच सुचले असावे. निदान दुसऱ्या दिवशी तो ताब्लासच्या गाडीत बसला होता.

चोनची बायको दोमितिला त्याच्यापेक्षा बरीच तरुण, कामाची आणि महत्त्वाकांक्षी. जनरलांनी तीन वेळा देऊ केलेली सरकारी नोकरी चोनने नाकारली, हे तिने त्याला कधी माफ केले नव्हते. लिबोरियोने पाळण्यासाठी पांढरे लेसचे कापड आणले होते. ते तिच्या हातात देऊन तो बाकावर बसला.

"पाववाला ठरला म्हणे?" त्याने विचारले.

"ह्यांनी ठरवला. माझं कोण ऐकतंय."

"चांगला माणूस आहे. फक्त..." लिबोरियो थांबला. "नको. मी बोलायला नको."

"बोला की, कर्नलसाहेब."

"जनरलसाहेबांना लागलं ते. वरून हसले. पण चोन गेल्यावर जेवले नाहीत. म्हणाले, एवढ्या वर्षांचा सोबती, आणि पाववाला आधी."

यातला एकही शब्द जनरल बोलले नव्हते. दोमितिलाने मुलीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले.

"असं म्हणाले?"

"तुम्ही हे माझ्याकडून ऐकलं असं सांगू नका."

चोन संध्याकाळी मेंढरे घेऊन आला तेव्हा घरात वाद झाला. तो शेजाऱ्यांनीही ऐकला. "मग मी त्याला तू कसं म्हणू?" चोन ओरडत होता. "बाई, त्याला तू म्हणणारं कोणी नाही!"

"इतकी वर्षं म्हटलं, पोट नाही भरलं? पोरीचा विचार करा. राष्ट्राध्यक्षाची धर्मकन्या! आणि तो माणूस तिकडे उपाशी बसलाय तुमच्यामुळे."

शेवटच्या वाक्याने काम केले. चोनला मोठेपणा नको होता. पण वारो आपल्यामुळे जेवला नाही, हे त्याला सोसवले नाही.

राजधानीत लिबोरियोने दुसरी बाजू सांभाळली. सह्यांचे कागद पुढे करता करता तो जनरलांना म्हणाला, "दोमितिलाबाईंची फार इच्छा आहे. चोनचीही. विचारायला लाजतो."

"चोन लाजतो?"

"बाप झालाय, जनरलसाहेब. या वयात माणूस बदलतो. मुलीचं भलं व्हावं असं वाटतं."

जनरलांनी पेन खाली ठेवले. "त्याला हवं असेल तर प्रश्नच नाही," ते म्हणाले. "पण मला वाटलं होतं, त्याला नको असेल."

रविवारी चोन पुढच्या दाराने आला. डोक्यावरची रुंद काठाची टोपी छातीशी धरली होती, टोपली आणली नव्हती. गावच्या रिवाजाप्रमाणे जी वाक्ये म्हणायची ती त्याने म्हटली: माझ्या घरी एक जीव आला आहे, त्याला देवाच्या दारी न्यायला हात हवेत, ते तुझे असावेत. 'तुझे' म्हणताना तो अडखळला. असे मागणे नाकारायचे नसते. जनरलांनी उत्तराची वाक्ये म्हटली. दोघांनीही एकमेकांकडे एकदा असे पाहिले की कोणी तिसरा असता तर त्याने विचारले असते, तुम्हाला दोघांनाही हे हवे आहे ना? तिसरा लिबोरियो होता.

ताब्लासचे देऊळ त्यासाठी चुन्याने रंगवले. मुलीने पाणी पडल्यावर असे भोकाड पसरले की पाद्रीबाबांना लॅटिन पुन्हा म्हणावे लागले. जनरलांनी तिला दारापर्यंत आणले आणि बापाच्या हातात दिले. रिवाजाची मिठी झाली. ही मिठी थोडी लांबली. मग चोन एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "तुम्ही आत चला, कोंपाद्रे. उन्हात नका उभे राहू."

आयुष्यात पहिल्यांदा. जनरलांचा चेहरा हलला नाही. "तुम्हीही चला, कोंपाद्रे," ते म्हणाले.

बाहेर पोरे "उधळा, धर्मपिता, उधळा!" म्हणून ओरडत होती. जनरलांनी खिशातली नाणी मुठीने उधळली, पोरे धुळीत लोळली, बँड वाजला, टर्कीचा काळा, दाट रस्सा, मोले, वाढला गेला. लिबोरियोने तीन वेळा वाढून घेतले. त्या दिवशी तो बँडवाल्यांशीही गप्पा मारत होता, असे लोक नंतर सांगत. तसे त्याला कोणी पाहिले नव्हते.

पुढचे रविवार त्याला हवे तसे झाले. चोन येत असे, पण अंगणातून हाक येत नसे. तो पहारेकऱ्याला नाव सांगे. जेवताना खुर्चीच्या कडेवर बसे आणि "तुमची तब्येत बरी आहे ना, कोंपाद्रे?" असे विचारे. जनरल म्हणत, "देवाची कृपा. कोमाद्रे दोमितिला कशा आहेत?" चरित्राचे वाचन होई. शुभ्र घोडा नदीत शिरे आणि पैलतीरी पोचे. कोणी हसत नसे.

एकदाच तोल गेला. जेवणानंतर दोघे डोमिनो खेळत होते. जनरलांनी चुकीची सोंगटी लावली आणि चोन जुन्या सवयीने उसळला, "अरे गाढवा, डोळे फुटले का तुझे?" जनरलांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला होता. ते काहीतरी उलटे बोलणार, तोच चोनने तोंडावर हात ठेवला. मग त्याने छातीवर क्रूसाची खूण केली. "माफ करा, कोंपाद्रे," तो म्हणाला. "जीभ घसरली."

"घसरू दे रे," जनरल म्हणाले.

"नको. तुम्हीही नका म्हणू."

त्याच आठवड्यात एदुविहेसला ताप आला. जनरलांनी स्वतःचा डॉक्टर पाठवला. डॉक्टर म्हणाला, दात येतायत. दोमितिलाने डॉक्टरला कॉफी दिली, औषध घेतले आणि तो गेल्यावर नवऱ्याला एवढेच विचारले, "काय म्हणालात तुम्ही त्यांना?" चोनने सांगितले. त्यानंतर त्याची जीभ कधी घसरली नाही.

मुदत संपत आली होती. खासदारांचे शिष्टमंडळ दर आठवड्याला येऊन घटनेतले एक कलम बदलण्याची विनंती करत होते. देशाला स्थैर्य हवे, कालवे अर्धे आहेत, जमिनीचे वाटप अर्धे आहे. हे सगळे खरेही होते. एका रविवारी जनरलांनी भाकरी बाजूला ठेवली आणि विचारले, "कोंपाद्रे, तुम्हाला काय वाटतं? पुन्हा उभं राहावं का?"

कोपऱ्यात लिबोरियोने वाचन थांबवले.

चोनने टोपीची कड दोन्ही हातांनी फिरवली. त्याच्या मानेची शीर फुगली होती. जुना चोन काय म्हणाला असता, हे त्या खोलीत तिघांनाही पाठ होते. पण कोंपाद्रेला मूर्ख म्हणता येत नाही, आणि त्याच्याशी भांडता येत नाही.

"तुमची मर्जी, कोंपाद्रे," तो म्हणाला. "तुम्हाला जास्त कळतं."

जनरल वाट पाहत राहिले.

"मटण चांगलं झालंय," ते म्हणाले.

मुलगी बरी झाल्यावर तिला पाहायला जनरल ताब्लासला गेले. लिबोरियो बरोबर होता. आता तो सगळीकडे बरोबर असे. चोन मेंढरांमागे डोंगरात गेला होता. दोमितिलाने दालचिनी घातलेली कॉफी पुढे ठेवली, मुलीला जनरलांच्या मांडीवर दिले आणि मनापासून म्हणाली, "देवाने कर्नलसाहेबांचं भलं करावं. ते नसते आले तर आम्ही त्या पाववाल्यालाच धरून बसलो असतो."

"ते आले होते?" जनरलांनी विचारले.

"आले ना, ही लेस घेऊन! म्हणाले, पाववाल्याचं ऐकून तुम्हाला इतकं लागलं की जेवला नाहीत. मग ह्यांना तर राहवेचना. नाहीतर हे कसले ऐकतात? रडले हो त्या दिवशी. म्हणाले, माझा वारो गेला. मी म्हटलं, गेला कुठे, घरात आला." तिला आठवले. "अगंबाई, सांगू नका म्हणाले होते. पण आता काय त्याचं?"

"काहीच नाही," जनरल म्हणाले. मुलीने त्यांची मिशी धरली होती. ती त्यांनी हळूच सोडवली. लिबोरियोकडे पाहिले नाही.

परतीच्या गाडीत ते डोळे मिटून बसले होते. लिबोरियो समोर बसून ते काय बोलतात याची वाट पाहत होता. त्याने समर्थनाची वाक्ये तयार केली होती. चांगली होती. देशाच्या प्रमुखाचा गावच्या माणसाने असा एकेरी उल्लेख करावा, हे परदेशी राजदूतांसमोर शोभत नव्हते, वगैरे. पण खरे कारण त्याच्या घशाशी होते, आणि त्याला वाटत होते की जनरल खवळले तर तो तेही सांगून टाकील. जनरल खवळले की शिव्या देत, ताट भिरकावत. चोनला त्यांनी अशा किती शिव्या दिल्या होत्या! लिबोरियोच्या वाट्याला आजवर एकही आली नव्हती. जनरलांनी डोळे उघडले ते राजधानीच्या स्टेशनात.

पुढच्या रविवारी चोन आला नाही. मेंढरांची लोकर कातरायची आहे, असा निरोप आला. लिबोरियो आला तेव्हा जनरल ओसरीत एकटेच बसले होते.

"बस," ते म्हणाले. "डोमिनो मांड."

ही खुर्ची चोनची. लिबोरियो तिच्यात बसला. पहिला डाव जनरल जिंकले. दुसराही जिंकले.

"तुझ्याकडे दुहेरी सहा होता," जनरल म्हणाले. "का नाही लावलास?"

"लक्षात आलं नाही, जनरलसाहेब."

"चोनने तो बाहीत लपवला असता आणि शेवटी माझ्या तोंडावर आपटला असता." त्यांनी सोंगट्या उलट्या केल्या. "लिबोरियो, उद्या खासदार येतायत. उत्तर द्यायचंय. मला चोनसारखं सांग. वारो म्हण. तू म्हण. आणि तुला खरंच काय वाटतं ते सांग."

"मी?"

"तुला हवं होतं ना?"

हवे होते. फार वर्षांपासून हवे होते. दाढी करताना आरशात पाहून लिबोरियोने ते कितीदा म्हणून पाहिले होते. वारो, तू दमलायस. वारो, तुझं चुकतंय. आरशात ते सहज जमे. आणि खरे उत्तरही त्याच्यापाशी होते. भिंतीवरचे ते वाक्य त्याने पोटासाठी लिहिले नव्हते. तेकोलोतेच्या तीरावर मेलेली माणसे तेच वाक्य ओरडत पाण्यात उतरली होती. जनरलांनी घरी जावे असेच त्याला वाटत होते.

पण जनरल घरी गेले, तर ते ताब्लासला जाणार होते. खेचरे घेऊन, चोनच्या शेजारी. तिथे तारघर नव्हते, जाहीरनामे नव्हते, लिबोरियोला जागा नव्हती.

"वारो," तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "तू... तू राहा. देशाला तू हवास. तुझ्यावाचून दुसरं कोणी नाही."

जनरल त्याच्याकडे पाहत राहिले. त्यात राग नव्हता. नवीन खेचराचे दात पाहताना जसे पाहतात, तसे ते पाहत होते.

"हे तुला वाटतं?"

"हो, जन... हो, वारो."

"'एकदा खुर्ची, मग घर' कोणी लिहिलं होतं?"

"तेव्हा काळ वेगळा होता."

"दोमितिलालाही तू असंच गोड सांगितलंस. मलाही. ज्याला जे ऐकायचं, ते त्याला."

"तो तुम्हाला शेपटीला लोंबकळणारा म्हणायचा," लिबोरियो एकदम म्हणाला. "माझ्यासमोर. मी तिथे होतो, माझा कान गेला, आणि तुम्ही हसायचात!" 'तू'चे पुन्हा 'तुम्ही' झाले, ते त्याच्या लक्षातही आले नाही. त्याने जनरलांच्या हाताकडे पाहिले. आता ते सोंगट्या भिरकावतील. भिरकावाव्यात, शिवी द्यावी, एक तरी.

जनरलांनी सोंगट्या एकेक करून लाकडी पेटीत रचल्या, झाकण सरकवले, उठले आणि अंगरख्याचे वरचे बटण लावले. सज्जात जाण्यापूर्वी ते नेहमी लावत.

"ठीक आहे, कर्नल," ते म्हणाले. "तुम्ही उद्यासाठी दोन मसुदे करून ठेवा. एक राहण्याचा, एक जाण्याचा. दोन्ही तुम्हाला चांगले जमतील."

तो 'तुम्ही' ऐकून आपल्यामागे कोणी येऊन उभे राहिले असावे असे लिबोरियोला वाटले, आणि त्याने वळून पाहिले. दारात कोणी नव्हते.